महासागराचे भाडे

न्यूयॉर्कहून लिस्बनला जावयास विमानाला साडेसहा-सात तास लागतात. त्या विमानात शेजारी शेजारी बसलेल्या दोन उतारूंपैकी एकाने दुसऱ्याच्या दुप्पट भाडे मोजलेले असणे ही नित्याची गोष्ट आहे. खुर्ची तीच, महासागर तोच. या अजब न्यायाचे कारण लोक बाजारात शोधतात. आम्ही पडलो वकील. आम्हांला ते बरेचसे कायद्यात सापडले.

सापडले ते गरजेपोटी. आमच्या मातोश्री वयाच्या ८१व्या वर्षी न्यू जर्सीस थोरल्या बंधूंकडे होत्या आणि त्यांची सख्खी बहीण, आमची मावशी, लिस्बनला. दोघींची भेट होऊन एकोणीस वर्षे झाली होती. मावशीला आता जिना उतरवत नाही. तेव्हा जावयाचे ते मातोश्रींनीच, आणि सोबतीला कोणीतरी हवे. म्हणजे तिकिटे दोन. बंधूंच्या डोक्यावर घराचे कर्ज, पुतणीच्या कॉलेजचा खर्च. थेट विमानाचे भाडे पाहून ते गप्प बसले. मातोश्रींनी तर "फोनवर बोलतो ते काय कमी आहे?" असे म्हणून विषयच मिटवला. घरात वकील असला की किचकट कागद त्याच्यापुढे येतात. आम्ही त्या वेळी तेथे पाहुणे होतो, म्हणून हेही काम आमच्याकडे आले.

स्वस्त वाट शोधू लागलो तेव्हा एक मौज ध्यानात आली: अटलांटिक स्वस्तात ओलांडावयाचा तर मधल्या बेटांना शरण जावे लागते. ही परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या मार्गावरील भाडी ठरत ती आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या परिषदांत, आणि त्यांवर सरकारांची मोहोर उठे. स्पर्धा करावयाची ती भोजनात आणि हसतमुखात, भाड्यात नव्हे. आइसलँडची लॉफ्टलेदिर ही १९४४ साली निघालेली कंपनी या संघटनेत शिरलीच नाही. इतर कंपन्यांची जेट विमाने उडू लागल्यावरही तिची पंख्यांची विमाने आइसलँडला थांबा घेत लक्झेंबर्गला जात. वेळ अधिक लागे, पैसा कमी. अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी युरोप पाहिला तो पुष्कळदा तिच्या कृपेने, आणि ‘हिप्पींची विमान कंपनी’ हे नाव तिने आनंदाने मिरवले.

ज्यांना बेटाची वाट नको, त्यांना मंडळाची होती. एखाद्या मंडळाने सबंध विमान भाड्याने घेतले तर ते स्वस्त पडे. मात्र उतारू त्या मंडळाचा निदान सहा महिन्यांचा सभासद हवा आणि मंडळाचा मूळ हेतू प्रवास नसावा, अशी अट असे. मग कागदोपत्री कसकसली मंडळे जन्मास आली असतील, हे आपल्याकडील सहकारी सोसायट्यांचे दप्तर ज्याने चाळले आहे त्यास सांगावयास नको.

पण आमच्या मनात घर करून राहिला आहे तो फ्रेडी लेकर. लंडन ते न्यूयॉर्क आगाऊ आरक्षणावाचून, रांगेत उभे राहून तिकीट घ्यावे आणि जेवणाचे पैसे निराळे द्यावेत, अशी त्याची ‘स्कायट्रेन’. ब्रिटिश सरकारने परवानगी दिली आणि पुढे फिरवली. लेकर न्यायालयात गेला. डिसेंबर १९७६ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने निकाल दिला की, संसदेने केलेल्या कायद्याचा हेतू मंत्र्याला आपल्या मार्गदर्शक सूचनांनी उलटवता येत नाही. २६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिले विमान उडाले. एकेरी भाडे ५९ पौंड. प्रशासकीय कायद्याच्या एका निकालाने इतक्या सामान्य माणसांना समुद्रापार नेल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

असो. आमची वाट निघाली ती अझोर्स बेटांवरून. न्यू जर्सीहून बोस्टनपर्यंत आगगाडी, तेथून पोर्तुगीज कंपनीचे विमान पॉन्ता देल्गादाला आणि पुढे लिस्बनला; मार्च महिना, म्हणजे गर्दी नाही. रेल्वेभाडे धरूनही थेट विमानापेक्षा पुष्कळच कमी पडले. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घेण्याचा आग्रह आम्ही धरला, कारण निराळ्या तिकिटांवर पहिले विमान रखडले तर दुसरी कंपनी हात झटकते. शिवाय कंपनी युरोपीय असल्याने युरोपीय संघाचा २००४चा २६१ क्रमांकाचा नियम अमेरिकेहून जातानाही लागू होतो. अमेरिकन कंपनी असती तर तो केवळ परतीस लागला असता. एवढ्या लांबच्या प्रवासात कंपनीच्या दोषाने फार उशीर झाल्यास माणशी ६०० युरोंपर्यंत भरपाई मिळते. वादळाची सबब मात्र तिला मोकळी आहे.

स्वस्त तिकिटातून सामान गेले, जागेची निवड गेली. मिस्कुटाची बरणी हातातील पिशवीतून नेता येईना; तेलकट लोणचे सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांत धरले जाते. तिच्यापायी एका पेटीचे भाडे भरले. पण चाकाच्या खुर्चीचे भाडे लावता येत नाही. ते अमेरिकेच्या १९८६च्या कायद्याने आणि युरोपच्या २००६च्या नियमाने निषिद्ध आहे. मातोश्री बोस्टनपासून मावशीच्या गावच्या विमानतळापर्यंत एक दमडी न देता राणीसारख्या ढकलल्या गेल्या. दोघी बहिणी अकरा दिवस एकत्र राहिल्या. त्या काय बोलल्या ते सांगण्याचा अधिकार आमचा नाही. फक्त पहाटे तीनपर्यंत दिवा जळत असे एवढे आम्ही पाहिले.

स्वस्त कंपन्यांना आयुष्य मात्र थोडे. लेकरची कंपनी ५ फेब्रुवारी १९८२ रोजी बुडाली. मोठ्या कंपन्यांनी संगनमताने आपला गळा घोटला, असा दावा तिच्या वतीने अमेरिकेत लागला आणि १९८५ साली तडजोडीत मिटला. आइसलँडची वाव मार्च २०१९ मध्ये बंद पडली, त्याच बेटावरची प्ले सप्टेंबर २०२५ मध्ये. अशा वेळी हाती तिकीट असलेला उतारू कायद्याच्या नजरेत विनातारण धनको ठरतो, आणि त्या रांगेत त्याच्यापर्यंत पैसा क्वचितच पोहोचतो. म्हणून बंधूंना आम्ही तिकिटाचे पैसे बँकेतून परस्पर देऊ दिले नाहीत. अमेरिकेत १९७४च्या कायद्याने क्रेडिट कार्डावरील न मिळालेल्या सेवेच्या बिलास हरकत घेता येते. तेव्हा त्यांना कार्ड काढावयास लावले, आणि पावतीची एक प्रत वहिनींच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे, ठेवून दिली.