सिहोरचा गहू आणि नर्मदेची कवटी

नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटात देशभरचे धान्य येते. तेथील दाणाबाजारात 'सिहोर' हे गव्हाचे नाव दिसले, की आमचे मन नर्मदाकाठी जाते. मध्य प्रदेशातील त्याच सिहोर जिल्ह्यात हथनोरा नावाचे खेडे आहे. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना तेथे वाळू-गोट्यांच्या घट्ट थरात प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग गवसला. तो दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा मानला जातो. पुढे मानवशास्त्रज्ञ ए. आर. संख्यान यांना तेथेच खांद्याला छातीशी जोडणारे हाड मिळाले. त्याचा वृत्तांत त्यांनी 1997 साली प्रसिद्ध केला. याच नर्मदेच्या खोऱ्यात 1935 साली तेयार द शार्दें हे येशूसंघीय धर्मगुरू भूस्तरांचा अभ्यास करीत फिरले होते.

हे सारे आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका माथाडी तरुणाला एकदा सांगितले. पोती वाहून त्याच्या खांद्यावर घट्टे पडले आहेत. तो म्हणाला, "फादर, माती म्हणा नाहीतर माकड म्हणा, आमचे मोल त्याने कुठे वाढते?"

प्रश्न साधा नव्हता. विज्ञान सांगते, की माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. दोघांचे पूर्वज एक होते. आपल्या मानवजातीचे मूळ आफ्रिकेत आहे. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील अवशेष सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे आहेत. पोप पायस बारावे यांनी 1950 साली मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयीच्या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली. 1996 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत निव्वळ तर्क उरलेला नाही, असे सांगितले. उत्पत्तीचे पुस्तक मानवाच्या जन्माची तारीख सांगत नाही. ते त्याची प्रतिष्ठा सांगते.

आणि तेथेच त्या तरुणाचे उत्तर आहे. व्यापारी, अडते, माथाडी या सर्वांची वंशावळ मागे नेली, तर ती एकाच कुळात मिळते. उच्च जन्माचा दावा करणाऱ्याला या हाडांत कसलाच पुरावा सापडणार नाही. मालकाच्या खांद्याचे हाड सोन्याचे नसते आणि हमालाचे मातीचे नसते.

आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, मोल वाढत नसते, ते सर्वांना सारखेच मिळालेले असते."

तो हसून म्हणाला, "मग हे शेठलाही सांगा, फादर."

त्याचा तो निरोप आम्ही येथे पोचवीत आहोत.