लाइन थांबते तेव्हा

कोजिमा इंडस्ट्रीज हे नाव पुण्याजवळच्या चाकणच्या रस्त्यावर कुणी ऐकलेलं असण्याची शक्यता कमी. मोटारीच्या आतले प्लास्टिकचे भाग बनवणारी ही जपानी कंपनी टोयोटाची व्हेंडर. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस तिच्या सर्व्हरमध्ये रॅन्समवेअर शिरलं आणि 1 मार्चला टोयोटाला जपानमधले आपले 14 कारखाने, त्यांतल्या 28 लाइन, दिवसभर बंद ठेवाव्या लागल्या. सुमारे 13 हजार गाड्या त्या दिवशी बनल्याच नाहीत. टोयोटाचं एकही मशीन बिघडलं नव्हतं. संप नव्हता, भूकंप नव्हता. हल्लेखोर आत आले तेही थेट कोजिमातून नव्हे, तिच्या एका उपकंपनीत दूरवरून जोडणीसाठी बसवलेल्या उपकरणातून. फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज, मर्सिडीज ज्या पट्ट्यात गाड्या जोडतात आणि भोसरी-तळवड्यातल्या छोट्या युनिटांचा माल ज्यांच्या दारात तासाच्या हिशेबाने पोचतो, त्या पट्ट्याला ही गोष्ट परकी वाटायला नको. सप्टेंबर 2025 मध्ये टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचं ब्रिटनमधलं उत्पादन सायबर हल्ल्याने महिनाभराहून अधिक ठप्प झालं. या नुकसानीचा तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरचा अंदाज 1.9 अब्ज पौंडांचा आहे, आणि त्यात व्हेंडरांचा वाटा मोठा आहे.

निगडी, आकुर्डी, ताथवड्याच्या कॉलेजांत आज क्लाउड आणि सायबर सुरक्षा शिकणाऱ्या मुलामुलींची नजर मात्र हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे असते. त्यात गैर काही नाही; पॅकेज तिथे आहे. पण अशा अभ्यासाचा साचा बहुतेक ठिकाणी ऑफिसातल्या संगणकावर बेतलेला असतो: व्हर्च्युअल मशीन, कंटेनर, एन्क्रिप्शन, फायरवॉल आणि जोडीला एखाद्या बड्या क्लाउड कंपनीचं सर्टिफिकेट. माझं म्हणणं असं, की कारखान्यांच्या या पट्ट्यात हा विषय शॉप फ्लोअरला वगळून शिकवला तर तो अर्धाच शिकवला जातो. कारण तिथे प्राधान्यक्रमच उलटा होतो. बँकेत पहिली काळजी गोपनीयतेची, कारखान्यात पहिली काळजी माणसाच्या जिवाची आणि लाइन चालू राहण्याची. ऑफिसात संशय आला की जोडणी तोडा, हा शहाणा सल्ला. तोच सल्ला पेटलेल्या भट्टीवर किंवा चालत्या प्रेसवर डोळे झाकून अमलात आणला तर उपचारच घातक ठरू शकतो. मशीन चालवणारे अनेक नियंत्रक, म्हणजे पीएलसी, आजही ज्या मॉडबस पद्धतीने एकमेकांशी बोलतात, ती 1979 ची आहे आणि मूळ रचनेत आज्ञा देणारा कोण हे ती विचारतच नाही. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनला जोडलेल्या जुन्या विंडोजवर पॅच टाकायचा तर मशीन बंद करावं लागतं, शिवाय मशीन पुरवणाऱ्याची परवानगी लागते. ‘सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा’ हे पुस्तकी उत्तर इथे पुरत नाही.

पूर्वी हे सगळं चार भिंतींत होतं, म्हणून निभावलं. आता उत्पादनाचे आकडे, डिस्पॅच, ईआरपी क्लाउडवर जातात. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं क्लाउड केंद्र 2015 पासून चालू आहे. सर्व्हर इतके जवळ आले की ‘सुरक्षेचं क्लाउड कंपनी बघेल’ ही समजूत अधिक पक्की होते. ती अर्धवट आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या दहा कोटींहून अधिक ग्राहक आणि अर्जदारांची माहिती क्लाउडवरून चोरीला गेली, तेव्हा इमारत किंवा सर्व्हर कमकुवत नव्हते. बँकेने आपल्या बाजूची फायरवॉल चुकीची मांडली होती. तरीही वीस कामगारांच्या युनिटाला मी क्लाउडच सुचवेन. टेबलाखालच्या एकुलत्या संगणकापेक्षा तो बरा, फक्त बॅकअपची किल्ली रोजच्या लॉगिनला बांधलेली नको. हल्लेखोराला जी प्रत पुसता येते, ती बॅकअप म्हणण्याच्या लायकीची नाही.

शॉप फ्लोअर अभ्यासात आणण्यावर जाणकार म्हणतील की मूलतत्त्वं सगळीकडे सारखीच. ती पक्की झाली की मुलगी कारखान्यात गेल्यावर उरलेलं शिकेल. क्रिप्टोग्राफीपुरतं हे खरं आहे. पण ‘काय आधी वाचवायचं’ हा निर्णय सूत्रातून निघत नाही, तो प्रक्रिया समजल्यावर सुचतो. आणि लाइन थांबलेली असताना शिकायला कुणी वेळ देत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छोटा व्हेंडर असं शिकलेल्या माणसाला पगार कुठून देणार? एकट्याने नाहीच देणार. पण दहा युनिटांना मिळून एक माणूस परवडतो. आपल्याकडे छोट्या कारखानदारांचे हिशेब असेच एका अकाउंटंटकडे असतात. शिवाय मागणी वरून येते आहे. जर्मन मोटार कंपन्या आपल्या व्हेंडरांकडे टिसॅक्स या माहिती-सुरक्षा तपासणीचा आग्रह धरतात, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ते सहा तास रविवारच्या रात्री सुरू झाले तर कळवणार कोण, लॉग काढून देणार कोण, हा प्रश्न व्हेंडरला टाळता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं परस्पर सांभाळेल असंही ऐकू येतं. पण कुठलं मशीन बंद करणं धोक्याचं आहे, हे तिला आधी कुणीतरी सांगावंच लागेल.

राहिला कॉलेजात हे शिकवण्याच्या खर्चाचा मुद्दा. एक पीएलसी, एक छोटा कन्व्हेअर, भंगारात निघालेला विंडोजचा संगणक आणि क्लाउडवरचं साधं खातं एवढ्यावर प्रात्यक्षिक उभं राहतं. परीक्षेत एकच प्रसंग द्यावा: सर्व्हर लॉक झालाय, सकाळी पहिल्या शिफ्टचा डिस्पॅच आहे, काय बंद कराल, काय चालू ठेवाल आणि कुणाला फोन कराल? इंजिनिअरिंग कॉलेजांत पीएलसी शिकवण्याची सोय बहुधा मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनकडे आधीच असते. अडचण आहे ती वेगळीच. दोन विभागांच्या मुलांनी एकत्र केलेल्या प्रात्यक्षिकाचे मार्क कोणत्या विभागाच्या रजिस्टरात चढवायचे, यावर आधी दोन्ही विभागप्रमुखांचं एकमत व्हायला हवं.