निळी म्हैस

भाचीच्या मुलीसाठी मेणखडू घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने पेटी उघडली, मेणाचा वास नाकात शिरला आणि एकदम आठवली ती म्हैस.

म्हैस निळी होती. तळ्यातून नुकतीच वर आलेली, ओली. तिच्या पाठीवर आभाळ चकाकत होतं. बालवाडीत मी ती तशीच रंगवली. "म्हैस कधी निळी असते का रे?" म्हणत बाईंनी खडू घेतला आणि वरून काळा फिरवला. पण मेणावर मेण नीट बसत नाही. काळ्यातून निळं डोकावतच राहिलं. बाई कागद फाटेस्तोवर घासत होत्या.

पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्रात मी म्हैस काढली. काळी काढली आणि पास झालो.

भाचीची मुलगी तीन वर्षांची आहे. तिचा माणूस म्हणजे एक गोल आणि त्या गोलालाच फुटलेले पाय. पोटाचा पत्ता नाही. या वयाची बहुतेक मुलं माणूस असाच काढतात. त्याआधी नुसते गिरगोटे असतात. मग कधीतरी रेघ वळून आपल्याच टोकाला येऊन मिळते. कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे हाताला कळू लागतं. 'ठ' आणि 'व' पुढे याच हाताला काढायचे असतात. तिच्या शाळेला मात्र धीर नाही. तिथे छापील आंबा मिळतो. तो पिवळाच रंगवायचा, रेषेबाहेर जायचं नाही.

आता ताराबाई मोडकांचं नाव काढलं तर लेख शाळामास्तरी होईल, होऊ दे. 1945 साली बोर्डीला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. कोसबाद डहाणू तालुक्यातलं. वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात, तोच हा मुलूख. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातला माणूस म्हणजे दोन त्रिकोण आणि एक गोल. माणूस असा नसतो म्हणून त्यावर कुणी काळा फिरवला नाही.

बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि घालवायची इच्छाही नाही. पण तीस-चाळीस पोरं आणि भिंतीवर 'छान' चित्रं मागणारे पालक समोर असले की बाईंचा हात खडूकडे जाणारच. ती मागणी आपली आहे. म्हणून बालवाडीच्या प्रदर्शनात सगळे आंबे सारखेच पिवळे, नीटनेटके दिसले, तर शाळेचं कौतुक करू नका. ते रंगवले कुणी, एवढं विचारा.