पहिली आवृत्ती

इंजिनिअरिंगच्या पोरांना पुस्तकाची शेवटची आवृत्ती लागते. सिलॅबस बदलला की जुनं पुस्तक अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीला परत, विषय संपला! मी मात्र त्याच चौकात कथा-कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या शोधत फिरतो, म्हणून रूम पार्टनर मला वेड्यात काढतो. "मजकूर तोच ना रे? मग नवी कोरी कॉपी घे की!"

प्रश्न रास्त आहे. बाहेरच्या जगात त्याचं उत्तर पैशात देतात. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला संग्रह २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळजवळ एक कोटी डॉलरला गेला. आपल्याकडे पहिली आवृत्तीसुद्धा रद्दीत किलोच्या भावानं जाते. त्यामुळे मला उत्तर दुसरीकडे शोधावं लागलं.

ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली आपल्या पुण्यातच श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुरुषांना इतकं सडेतोड सुनावणारं पुस्तक, पण पुढे लोक ते जवळपास विसरूनच गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केलं. म्हणजे मधली ९३ वर्षं ते कुणाच्या तरी कपाटात तग धरून होतं! त्या ५०० च्या ५०० प्रती रद्दीत गेल्या असत्या तर? 'मजकूर तोच' म्हणायला आधी मजकूर उरायला तर हवा.

अर्थात पहिली आवृत्ती म्हणजे अस्सल, असंही नाही. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या वरसईच्या गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' १९०७ साली निघालं ते चिं. वि. वैद्य यांनी बराच हात फिरवून. भटजींनी लिहिलं तसं ते वाचायला मिळालं १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून छापलं तेव्हा. म्हणजे १९०७ ची प्रत मिरवायला भारी, पण भटजींना भेटायचं तर १९६६ ची घ्या. मी म्हणतो दोन्ही हव्यात, नाहीतर वैद्यांनी काय बदललं ते कळणार कसं?

माझ्या ट्रंकेत सध्या तीनच पहिल्या आवृत्त्या आहेत. त्यातली लाडकी म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', मौज प्रकाशन, १९५५. सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायला घेतला, तेव्हा तिथली पुस्तकं पोत्यांतून रद्दीच्या दुकानात आली. अशा वेळी शीर्षकपानाच्या मागे बघायचं. 'पहिली आवृत्ती' असं हवं आणि त्याखाली दुसरी-तिसरीचा पत्ता नको. फार जुन्या पुस्तकांवर नुसतं शके असतं, त्यात ७८ मिळवायचे (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हे एम-थ्रीपेक्षा अवघड). आणि सापडलं तरी चेहरा कोरा ठेवायचा. माझा काही राहिला नाही, दुकानदारानं लगेच तराजू बाजूला सारला आणि म्हणाला, "याचे पन्नास."

आतल्या पानावर निळ्या शाईत एका मामांनी भाचीला आशीर्वाद लिहिलाय. भाचीनं कठीण शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्यात. गंमत म्हणजे मी अडलो तेही बरेचसे तेच शब्द. नव्या कोऱ्या कॉपीत ही भाची कुठून मिळणार?

जाता जाता एक टेक्निकल सूचना. जुना कागद बहुधा आम्लधर्मी असतो, पिवळा पडतो, घडीवर तुटतो. म्हणून सेलोटेप लावू नका! टेप काही वर्षांत सुटते, डाग तेवढा कायमचा राहतो.

आता शोध 'कोसला'चा. १९६३, देशमुख आणि कंपनी, पुणे. खानदेशातून पुण्याला शिकायला येऊन होस्टेलवर राहणारा पांडुरंग सांगवीकर हा आपला सगळ्यांचा सीनियरच. त्याची पहिली प्रत याच गावात कुठल्यातरी माळ्यावर असणार, असं मला सारखं वाटतं. दिवाळीत घरी साफसफाई निघेल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी शीर्षकपान उलटून बघा. सापडलीच तर विकत मागणार नाही, एका रात्रीपुरती वाचायला द्या. मेस बुडवून न्यायला येईन.