आत्मा नाही, तर आत्मसन्मान कुणाचा?

पूर्वेकडे 'मी' विरघळतो आणि पश्चिमेकडे 'मी' मिरवतो, अशी तत्त्वज्ञानाची वाटणी आपल्याकडे कॉलेजपासून कीर्तनापर्यंत सगळीकडे चालते. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हालाही हीच शिकवली गेली. आमचा साधा प्रश्न आहे : या 'पूर्वे'त तुम्ही बुद्धाला कुठे बसवता? वेदान्ताने नित्य, अविनाशी आत्मा सांगितला. बुद्धाने तो साफ नाकारला. हा एका घरातला किरकोळ मतभेद नाही. तोच आत्मा मागच्या जन्माचे गाठोडे घेऊन येतो असे सांगून आमच्या आज्या-पणज्यांना पटवले गेले, की गावकुसाबाहेरचा जन्म ही तुमचीच कमाई. आत्मा हा जातीचा सातबारा होता. बुद्धाने तो फाडला.

दौंडच्या एका अभ्यासवर्गात बारावीतल्या मुलाने विचारले, "दादा, आत्माच नाही, तर आत्मसन्मान कुणाचा?" प्रश्न चोख आहे, आणि चळवळीत तो बहुतेक वेळा टाळला जातो. आम्ही त्याला भीमेकडे बघायला सांगितले. कोरेगावची भीमा शिरूरच्या कडेने खाली येते, वाटेत मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन तिला मिळते, घोडनदी मिळते, मग ती दौंडला पोचते. नाव तेच, पाणी निराळे. आत कुठे 'मूळ भीमा' दडलेली नाही. तरी नदी खोटी ठरत नाही, आणि तिच्यात घाण कोणी सोडली हा जाब विचारायचाही राहत नाही. 'मी'चे तसेच आहे. भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला रथाच्या दाखल्याने हेच समजावले, आणि तो राजा होता ग्रीक वंशाचा! पूर्व-पश्चिमेची भिंत तिथेच पडलेली आहे.

पश्चिमही एकजिनसी नाही. देकार्तने विचार करणाऱ्या 'मी'ला सगळ्या ज्ञानाचा पाया केले. ह्यूमने 1739 साली आत डोकावून पाहिले, तर त्याला संवेदनांची ये-जा दिसली, मालक कुठे दिसला नाही. पण याच ह्यूमने एका तळटीपेत काळ्या माणसांना उपजतच हीन मानले. 'मी' कागदावर नाकारून भागत नाही, तो असा. बुद्धाच्या संघात उपाली न्हाव्याला शाक्य कुमारांच्या आधी दीक्षा मिळाली आणि कुमारांना त्याच्यापुढे वाकावे लागले. अनात्म तिथे अंगात उतरले.

आम्हाला कामात सर्वांत उपयोगी पडतो तो जॉर्ज हर्बर्ट मीड, बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांचा सहकारी. 'स्व' जन्मासोबत येत नाही, तो इतरांशी होणाऱ्या व्यवहारात घडतो, असे तो म्हणतो. आमची पोरे एमआयडीसीत मुलाखतीला जातात. आधी आडनाव विचारले जाते. त्याने उलगडा झाला नाही तर गाव. मग गावात कोणत्या बाजूला राहता. कामाचे प्रश्न त्यानंतर. तोवर समोरच्याने पोराचा 'मी' ठरवून टाकलेला असतो.

कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे पेरण्याच्या विजयस्तंभावर आहेत, आणि त्या नावांना 'नाक' जोडलेले आहे. मरणातही जात नावाला चिकटून दगडात गेली. पण 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे उभे राहिले, त्यांच्यामागे माणसे येत राहिली, आणि आज तेच 'नाक' आम्ही मान ताठ करून वाचतो. दगड तोच, अक्षरे तीच. वाचणारे बदलले.

आत्मा नाकारणाऱ्या बुद्धाने कर्म आणि पुनर्जन्म कसा मानला असेल, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत स्वतःच उभा केला आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत नव्या जन्माची प्रतिज्ञाही आहे. मरायची वाट न बघता, याच देहाने, भर मैदानात, लाखो लोकांसोबत घ्यायचा जन्म! नित्य आत्मा असता तर हे जमलेच नसते. आत्मसन्मान त्या नव्याने घडलेल्या माणसाचा, एवढे आम्ही त्या मुलाला सांगितले.

पुढच्या बैठकीला तो दुसरा प्रश्न घेऊन आला : मग आडनाव बदलायचे का? आमच्यातल्या काहींनी बदलले आहे, काहींनी मुद्दाम ठेवले आहे. त्या दिवशी विहाराला कुलूप लावायला रात्रीचे साडेअकरा झाले.