गव्हातली रानमेथी

घाटावरचा असो की घाटाखालचा, बुलढाणा जिल्ह्यातला कास्तकार रानमेथीकडे एकाच नजरेनं बघतो: निंदून धुऱ्यावर फेकायचं तण. पौष-माघात ओलिताचा गहू ओंबीवर आला की त्याच्या बुडाशी ही उभी असतेच. बायका निंदता निंदता तिची मूठ उपटतात, मुळांची काळी माती खुरप्यावर आपटून झाडतात आणि पुढच्या सरीला लागतात. ज्याला मजूर मिळत नाही तो कृषी केंद्रातून टू-फोर-डी आणून फवारतो. रानमेथीचं इतकंच चरित्र गावात सांगितलं जातं.

मला मात्र ती उपटल्यावर निरखून बघण्याची खोड आहे. पान तीन दलांचं, दलांच्या कडेला बारीक दाते, आणि मधल्या दलाचा देठ बाकी दोघांपेक्षा लांब. चिमट्यात धरली की पाचही पाकळ्या फाकणार नाहीत इतकी बारकी पिवळी फुलं, मोहरीच्या दाण्याएवढी, एकेका काडीवर खालून वर उमलत जाणारी. भिंग लावलं तर घाट थेट हरभऱ्याच्या फुलाचा: मागे उभी पताका, बाजूला दोन पंख, मध्ये नाव. शेंग म्हणावी तर तीही नावापुरतीच, एखाद्या बियाभोवती आवळलेला सुरकुत्यांचा गोळा. लिनियसनं १७५३ साली हिला क्लोव्हरच्या गोतात बसवलं होतं. पुढे अल्लिओनी या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिथून उठवून मेलिलोटस इंडिकस केलं. गोत बदललं तरी भावकी तीच.

मुळं धुऊन बघावीत. त्यांना बारीक पांढुरक्या गाठी लगडलेल्या असतात. एखादी गाठ नखानं फोडली की आत गुलाबी निघते. हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं ते घर. हरभरा पेरताना आपण जिवाणूंचं पाकीट विकत आणून गुळाच्या पाण्यातून बियाण्याला चोळतो. ही बिचारी काही न मागता आपापल्या गाठी बांधून बसलेली. पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाण पट्ट्यात, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि तेच पाणी देत राहिलं तर जमीन बिघडते. रानमेथीला मात्र खारेपणाचं फारसं वावडं नाही.

पण हिचा खरा गुण कळतो तो ती मेल्यावर. हिरवी असताना वास जेमतेम. उपटून दोन दिवस धुऱ्यावर पडली, कोमेजली, की तिच्यातून गोडसर, ओल्या गवताचा, थोडा व्हॅनिलाकडे झुकणारा वास सुटतो. जिवंत झाडात साखरेला बांधून ठेवलेलं द्रव्य पेशी फुटल्यावर मोकळं होतं, आणि त्याचं कुमारिन बनतं. याच कुमारिनवर फ्रेंच अत्तरवाल्यांनी १८८२ साली ‘फुजेर रॉयाल’ उभं केलं आणि अत्तरांचं एक अख्खं घराणं चालवलं. तिकडे ऑस्ट्रेलियातल्या पीठगिरणीवाल्यांना हाच वास नको असतो. गव्हात हिचं बी मिसळलं तर पिठाला वास लागतो आणि भाव पडतो. एकाला अत्तर, दुसऱ्याला खोट.

वास आला की आपल्याकडे लगेच औषध सुचतं. कुठल्याही तणाचा फोटो मोबाइलवर फिरतो, खाली ‘शंभर आजारांवर रामबाण’ असं लिहिलेलं. मेलिलोटच्या बाबतीत तर अर्धं खरंही आहे. युरोपात हिच्या पिवळ्या थोरल्या बहिणीचे लेप सुजेवर पूर्वापार लावतात, शिरा फुगून जड झालेल्या पायांसाठी अजूनही वापरतात. मोठं औषध मात्र लेपातून निघालं नाही. ते निघालं सडक्या चाऱ्यातून, आणि मेलेल्या ढोरांतून.

१९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गोड क्लोव्हर, म्हणजे तिकडचं मेलिलोटच, खाऊन गुरं मरू लागली. शिंग कापलं, खच्चीकरण केलं, की रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानं दाखवून दिलं, की चांगला वाळलेला चारा निर्धोक, बुरशी लागलेला जीवघेणा. फेब्रुवारी १९३३मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून तीनेकशे किलोमीटर गाडी हाकत मेडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, शंभर पौंड बुरसटलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. पशुवैद्यकाचं कार्यालय बंद होतं, म्हणून तो जे दार उघडं दिसलं तिथं गेला. ते विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचं होतं. गोठ्यातलं दुखणं कॅनमध्ये भरून विद्यापीठाच्या दारात नेऊन ठेवणारा हा माणूस मला वैज्ञानिकांइतकाच मोठा वाटतो.

पुढची सहा वर्षं लिंक यांची माणसं त्या चाऱ्यामागे लागली. १९३९ साली स्फटिक हाती आले: डायकुमारॉल. कुमारिन स्वतः रक्त पातळ करत नाही. बुरशी त्याचं रूप पालटते आणि मग ते जीवनसत्त्व के चं काम अडवतं. त्याच वंशातून निघालेलं वॉरफरिन १९४८मध्ये बाजारात आलं, तेही उंदीर मारायला. १९५४मध्ये माणसांसाठी मान्य झालं आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिलं गेलं. आज आपल्या कृषी केंद्रात तणनाशकाच्या शेजारी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या असतात, त्याही याच घराण्यातल्या. म्हणून कोणी धुऱ्यावरची रानमेथी वाळवून काढा उकळायला निघालं तर मी त्याचा हात धरीन. काढ्याला मात्रा नसते, आणि बुरशी डोळ्यांना दिसेलच असं नाही. या घराण्यात औषध आणि विष यांच्यामध्ये फक्त मिलिग्रॅमचं अंतर आहे.

हे अंतर आमच्या घरात रोज मोजलं जातं. आत्याचे लहानपणी सांधे सुजले होते, ताप आला होता. त्या तापानं हृदयाची झडप खराब केली. आता तिथं धातूची झडप आहे आणि उशाशी ‘रक्त पातळ व्हायची गोळी’. वॉरफरिनच. ठरल्या दिवशी खामगावला जाऊन रक्त तपासायचं, रक्त गोठण्याचा आकडा, म्हणजे आयएनआर, अडीच ते साडेतीनमध्ये आला तर हायसं वाटायचं, कमी-जास्त झाला तर गोळीचा चतकोर वाढवायचा की घटवायचा ते डॉक्टर सांगतात. पालेभाजीत जीवनसत्त्व के भरपूर, आणि गोळी त्याच्याच वाटेत आडवी पडलेली. मेथीची भाजी अचानक वाढवली की गोळी हरते. डॉक्टर म्हणाले होते, भाजी खा, पण दर आठवड्याला सारखीच खा. आत्यानं ऐकलं ते ‘मेथी बंद’. वर्षभर तिनं तोंडाला लावली नाही, आणि सुनेनं केली की स्वयंपाकघराबाहेर जाऊन बसायची.

परवा मी तिला नीट समजावलं. मेथीही याच भावकीतली, हेही सांगितलं.

“तं मंग येत्या बाजारातून दोन जुड्या आणजो,” ती म्हणाली.

“एकच आणतो आत्या. अन् दर आठवड्याले एकच.”

“एका जुडीत भाजी कोणाले पुरते रे?”