चार खाड्या, सहा रात्री

नाताळच्या सुट्टीनंतर मुलांना 'सुट्टी कशी घालवली' हा निबंध लिहायला लावण्याची पद्धत आमच्या शाळेत जुनी आहे. आठवीतल्या एका मुलाने मागे उलट विचारले, "सर, तुम्ही लोक कुठे गेले होते?" तेव्हा वेळ मारून नेली. या अंकात पान मोकळे आहे असे समजले, म्हणून ती उधारी फेडतो आहोत.

गोष्ट डिसेंबर २०२२ ची. आमची आई तेव्हा ८० वर्षांची होती. तिचे माहेर कोकणात, गुहागरजवळ पालशेतला. १९६१ साली लग्न होऊन ती इंदूरला आली, तेव्हा दाभोळहून बोटीने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि तिथून रेल्वेने निघायचे, असा तो प्रवास होता. पुढे माहेरी जाणे चार-पाच वेळाच झाले असेल, शेवटचे १९९४ साली. २०२१ च्या साथीत मामा गेले. फोनवर कळले, जाता आले नाही. त्यानंतर आईचे एकच म्हणणे सुरू झाले, "एकदा घर बघून येऊ. हॉटेलात नको, समुद्राच्या जवळ राहायचं."

नाताळात कोकणात खोल्यांची भाडी ऐकली आणि आम्ही फोन ठेवून दिला. शाळेच्या पगारात तिघांनी आठ दिवस तसे राहणे शक्य नव्हते. (विश्वस्त मंडळींनी हे वाक्य वाटल्यास दोनदा वाचावे.) परदेशात लोक घर असलेली गाडी घेऊन किनाऱ्याने हिंडतात, हे टीव्हीवर पाहिले होते. आमच्या मेव्हण्यांकडे ईको होती. घर काही तिच्यात मावणार नव्हते, पण बिछाना मावणार होता.

तयारी सांगतो, कारण पालकांपैकी अनेकांनी नंतर विचारली. गाडीत कायमचा बदल काही केला नाही. सुताराकडून मध्ये बिजागरी असलेली प्लायची फळी करून घेतली. दिवसा ती घडी घालून सामानावर ठेवायची, रात्री मागची सीट पाडून क्रेटच्या आधाराने उलगडायची आणि वर गादी टाकायची. आत दोन माणसे नीट झोपत. तिसऱ्यासाठी बाहेर छोटा तंबू होता. तो तिसरा कोण हे वाचकांनी ओळखावे. वीस लिटर पाण्याचा कॅन, पाच किलोची गॅसची टाकी, मच्छरदाणी, आईसाठी घडीची खुर्ची. शेगडी गाडीत कधीही पेटवली नाही, खाली उतरून, वारा पाहून. आणि इंदूरचा माणूस प्रवासाला निघाला म्हणजे पोहे, शेव आणि जिरावण असणारच. राहिला प्रश्न संडास-आंघोळीचा. त्याला आम्ही हा उपाय काढला की ज्या घरी पाहुण्यांची जेवणाखाण्याची सोय असेल तिथे एक वेळ जेवायचे, न्हाणीघर वापरण्याचे वेगळे पैसे द्यायचे आणि गाडी त्यांच्याच अंगणात लावायची. एक-दोन ठिकाणी नकार मिळाला, बाकी सगळीकडे जागा मिळाली.

आग्रा-मुंबई रस्त्याने धुळे, नाशिक करत, पहिली रात्र नाशिकला नातेवाइकांकडे काढून अलिबागच्या बाजूने समुद्राला लागलो. किनाऱ्याने जाणारा रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो. प्रत्यक्षात मध्ये खाडी आली की रस्ता पाण्यापाशी संपतो. मग गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि पलीकडे पुन्हा रस्त्याला लागायचे. रत्नागिरीपर्यंत आम्ही अशा चार खाड्या ओलांडल्या. अर्ध्या तासाच्या आत पलीकडे जाता येते, नाहीतर खाडीला वळसा घालायला निम्मा दिवस आणि पुष्कळ पेट्रोल जाते. आमच्यासारख्यांना हाच मार्ग परवडणारा.

पहिली बोट आगरदांडा ते दिघी. तिकीट देणाऱ्या मुलाने एम.पी. ०९ ची पाटी पाहिली आणि विचारले, "कहाँ, इंदौर से? कितने लोग?" आम्ही मराठीत म्हणालो, "आम्ही लोक तीन आहोत, गाडी एक." तो म्हणाला, "ठीक है, गाड़ी पीछे से लो।" आम्ही पुन्हा मराठीत, तो पुन्हा हिंदीत. बोट सुटल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, 'आम्ही लोक' म्हणालात तिथेच सापडलात. इथे 'आम्ही तिघं' म्हणतात."

हसण्यावारी नेले, पण ते लागले. आमचे बी.एस्सी., बी.एड. दोन्ही हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरची. आम्ही 'जेवण खातो', आमच्याकडचे पाहुणे 'चालले जातात'. पुण्याचे नातेवाईक हसत आले आहेत, त्याची सवय आहे. पण मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाशी मराठी मुलखात कोणी मराठीत बोलायलाच तयार नसावे! त्यात त्याच वर्षी आठवीच्या मराठीला सात मुले उरली होती आणि तो तास चालू ठेवावा की नाही हा विषय सभेपुढे यायचा होता. एका पालकांनी विचारले होते, "घरी बोलतोच ना सर, मग शाळेत कशाला?" त्यांना काय उत्तर द्यावे हे खरोखर ठरत नव्हते.

दिवेआगरला संध्याकाळी पोहोचलो. सुरूच्या झाडांखाली जागा बघून गाडी लावली, फळी उलगडली. तेवढ्यात एक गृहस्थ विजेरी घेऊन आले. "यहाँ रात को नहीं रुकना।" आम्ही काही म्हणायच्या आत आई आतून म्हणाली, "अहो, आम्ही पालशेतचे." त्यांनी विजेरी खाली केली. "मग असे उघड्यावर काय झोपता? आगरात चला." आगर म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग. त्यांच्या आगरात मात्र आभाळच जास्त दिसत होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या बागा आडव्या केल्या. नवी रोपे लावलेली होती, पुरुषभरसुद्धा उंच नव्हती. ते म्हणाले, सुपारी हाती लागायला अजून बरीच वर्षे आहेत, तोवर पाहुण्यांवर भागवतो. सकाळी आम्ही त्यांना जिरावण घातलेले पोहे दिले. त्यांना आवडले की नाही ते शेवटपर्यंत कळले नाही.

दिवेआगरहून शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राच्या अगदी कडेने जातो. आई म्हणाली, हळू चालव. दहा-पंधरा किलोमीटरला आम्ही सकाळ घालवली. श्रीवर्धनला पेशव्यांच्या स्मारकापाशी थांबलो. १७१३ साली पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ इथले. त्यांचे चिरंजीव पहिले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले. तिथे आपली नववीची सहल जाते, विद्यार्थ्यांना ती समाधी आठवत असेल. मल्हारराव होळकरांना माळव्यात पुढे आणले ते याच बाजीरावांनी, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक असे आपले पूर्वज आले. मुलाची समाधी अनेकदा पाहिली होती, वडिलांचे गाव आता पाहिले.

बागमांडल्याच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे होते आणि त्यांच्या शेजारून आमची बोट गेली. आता या सगळ्या खाड्यांवर पूल बांधायच्या योजना पुढे सरकत आहेत असे वाचतो. तिथल्या लोकांसाठी चांगलेच आहे. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैला मासळीचा लिलाव बघायला सौ. नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या, पण तासभर हलल्या नाहीत.

दाभोळला पोहोचलो तेव्हा दुपार होती. इथली फेरीबोट २००३ पासून आहे. आईने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती खुर्ची टाकून धक्क्यावर बसली आणि खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवू लागली. मोठी बोट आत खोल पाण्यात उभी राहायची, इथून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे. लग्नानंतर निघताना पडाव हलत होता, वर चढताना तिची एक चप्पल पाण्यात पडली. मामा मागच्या पडावात होते. त्यांनी ती काढली आणि हात उंच करून दाखवत राहिले, पण शिडी वर घेतली होती. एका पायात चप्पल घालून ती मुंबईला उतरली. साठ वर्षांत ही गोष्ट तिने आम्हाला सांगितली नव्हती. सौ.नी विचारले, "मग दुसरी चप्पल?" आई म्हणाली, "दादाने ठेवली होती बरेच दिवस. मग कुत्र्याने नेली."

आम्ही दोन बोटी जाऊ दिल्या. तिसरीने धोपाव्याला उतरलो.

पालशेतला मामेभाऊ वाट पाहत होते. पाखाडीच्या पायऱ्या आई दोन्ही बाजूंनी हात धरून उतरली, खळ्यात आली आणि थांबली. लहानपणी इंदूरला ती अंगणाला 'खळं' म्हणायची तेव्हा आम्ही भावंडे तिची नक्कल करायचो. इथे मामेभाऊ सहज म्हणाले, "आत्या, खळ्यातच बस, इथे वारा आहे." शेजारची एक म्हातारी आली. तिने विचारले, "कुठल्या तुम्ही?" आई म्हणाली, "इंदूरच्या."

दुसऱ्या दिवशी मामेभावांची नात आईला विहीर दाखवायला घेऊन गेली. ती इंग्रजी शाळेत सातवीत होती. रहाट कधीच गेला, आता पंप आहे. आई सांगत होती की रहाटाचे पाणी पन्हळीतून झाडांना जायचे. मुलीने विचारले, "पन्हळ म्हणजे?" मामेभाऊ म्हणाले, "आता कोण म्हणतंय आत्या, पाइप म्हणतात." पन्हळ आम्हाला माहीत होती. पोफळीचे खोड उभे चिरून पोकळ करतात ती. आईने इंदूरच्या घरी, विहीर नसताना, आम्हाला सांगितलेली. मग त्या मुलीला ती जमिनीवर काडीने काढून आम्हीच दाखवली, आमच्या 'आम्ही लोक' मराठीत. तिने एकदाही हसून पाहिले नाही.

त्या रात्री तंबूत झोप लागली नाही. एक कारण डास. खरी मराठी तिकडे आहे आणि आपल्याकडची तिची पुसट नक्कल, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो. सात मुलांच्या तासासाठी आग्रह धरायला म्हणूनच संकोच वाटत होता.

दोन रात्रींनी निघालो. तवसाळहून जयगडला जाणारी चौथी बोट. पाटी पाहून तिकीटवाल्याने विचारले, "कहाँ जाना है?" आई खिडकीतून म्हणाली, "बोट जयगडला जाते ना? मग आम्ही आणखी कुठं जाणार?" तो ओशाळून हसला आणि म्हणाला, "बसा आजी."

मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहिले, आरे-वारेच्या वळणांवर तीनदा थांबलो आणि रत्नागिरीहून घाट चढून परतीला लागलो. पेट्रोल पंधरा हजारांच्या आत बसले, चारही खाड्यांचे मिळून हजारच्या आत. जेवणखाण आणि अंगणांचे सहा हजार. आईने वाटेत घेतलेल्या नारळांचा हिशोब यात नाही.

आठवीचा तास सभेने चालू ठेवला. पालशेतच्या त्या मुलीचे पत्र फेब्रुवारीत आले, त्यात पन्हळीचे चित्र होते आणि खाली नाव चुकवून 'पनळ' लिहिले होते. आईने ते सातही मुलांना दाखवायला दिले. फळी आमच्या घरी जिन्याखाली आहे. कोणाला हवी असल्यास न्यावी, फक्त बिजागरीला तेल घालून परत करावी.